अंगणात पुतळा नको

मी, सरसेनापतींची विधवा, वय एकोणऐंशी, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके जागेवर आहे. थोरल्याला शंका असेल तर त्याने डॉक्टरांना विचारावे, धाकट्या सुनेला घोळात घेऊ नये.

राहते घर धाकट्या सुनेला. पुढचे अंगणही तिचेच. तिथे थोरल्याला ह्यांचा पुतळा उभारायचा आहे. चौथऱ्यावर कोरायचे शब्दही त्याने ठरवले आहेत: ‘थंडीने घात केला’. पुतळा उभारू नये. सुनेने भिडेखातरही होकार देऊ नये.

कारण लिहून ठेवते. थंडी दरवर्षी पडते. शत्रूची राजधानी दोन सेनानींपैकी कोणी घ्यायची, ह्या वादात उन्हाळा गेला; शेवटी ह्यांनी फौजच दोघांत वाटून दिली. गाड्यांत गरम कोटांऐवजी विजयाच्या मिरवणुकीचे पोशाख भरले. आणि नदी ओलांडली की मागचे पूल जाळायचे, म्हणजे कोणाच्या मनात माघारी फिरायचे येणार नाही.

सगळे आमच्या जेवणाच्या टेबलावर ठरले. मिठाची बरणी म्हणजे राजधानी. धाकटा पूल बांधणाऱ्या तुकडीत होता. त्याने विचारले, “बाबा, परत यायचं झालं तर?”

हे म्हणाले, “जिंकायला निघालेला माणूस परतीचं विचारत नाही.”

थोरला हसला. धाकट्याने पान तसेच ठेवले.

माघारीत हे होडीतून आधी आले. धाकट्याची तुकडी पलीकडच्या तीरावर राहिली. जाळलेल्या पुलाचे लाकूड पुन्हा वापरता येत नाही.

ह्यांची पदके आणि तलवार थोरल्याला. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणाला. धाकट्याची करवत, रंधा आणि हातोडाही तिलाच. मागच्या ओढ्यावर फळ्या टाकू का, असे ती विचारत होती. टाकू द्याव्यात.

टेबल घरातच राहील. थोरल्याचे पान नेहमी मांडावे. तोही माझाच आहे. मिठाची बरणी मात्र त्याच्या हाती देऊ नये. मीठ वाढावे.

सही: सरसेनापतींची पत्नी, धाकट्याची आई

साक्षीदार:
१. घरचे डॉक्टर.
२. कोपऱ्यावरचे शिंपी. मिरवणुकीचे पोशाख त्यांनीच शिवले होते. सही करताना म्हणाले, “वहिनी, कोट सांगितले असते तर कोट शिवले असते.”

स्थळ: जेवणाची खोली.
दिनांक: बावीस डिसेंबर. थंडी नेहमीइतकीच आहे.