पाइपाखालच्या छत्र्या

६ जुलै, रवि.
मागच्या पॅसेजमध्ये, गळक्या पाइपाखाली, भिंतीवर मर्केंशिया! मुलुंडमध्ये, आमच्याच सोसायटीत! बी.एस्सी.ला बाटलीत बुडवलेली पाहिली होती, जिवंत आजच. चपट्या हिरव्या फिती, टोकाशी दुभंगत जाणाऱ्या. त्यांवर इवल्या वाट्या, वाट्यांत हिरव्या टिकल्या. वाटीत थेंब आदळला की टिकली उडते. पडेल तिथे नवी फीत. जात कोणती? खात्री नाही, लिहीत नाही.
नवरा : "शेवाळच ना गं?" नाही, ही लिव्हरवर्ट, बिनफुलांची वेगळीच वनस्पती. दोनदा सांगितलं.

१९ जुलै, शनि.
फितींवर प्रजननाच्या छत्र्या आल्या!! दांडे अजून आखूड. बोटं फाकल्यासारख्या, म्हणजे मादी. सगळ्याच मादी. बरोबरच, टिकल्यांतून आलेली एकाच झाडाची लेकरं. नराची छत्री चकतीसारखी असते, ती कुठेच नाही. नर नाही तर बीजाणू नाहीत. इतकं जवळ येऊन...

२० जुलै
सेक्रेटरी कदमकाका : "गणपतीआधीच्या रविवारी ब्लीचिंग मारणार. गेल्या वर्षी शिंदेकाकू इथेच घसरल्या, विसरलात?"
"फक्त फरशीवर मारा ना, काका."
"आणि ते भिंतीवरनं खाली उतरलं तर, वहिनी?"
काकूंचा पाय महिनाभर प्लॅस्टरमध्ये होता. माझा हट्ट बरोबर आहे का?

२६ जुलै, शनि.
नर सापडला! तोही शिंदेकाकूंच्या फर्नच्या कुंडीत! काकू : "घसरले मी आणि लाड त्याचे! ने गं, मी उपटणारच होते."
मग पेच. कुंडी भिंतीपाशी नेली तर ते निरीक्षण की माझी लुडबूड? शेवटी कुंडी घरातच ठेवली. चकत्यांवरचं पाणी (नराच्या पेशी त्यातूनच पोहत जातात) ड्रॉपरने फक्त तीन छत्र्यांवर सोडलं. तिन्हींना लाल दोरा. बाकीच्या त्यांच्या नशिबावर.

१० ऑगस्ट
दांडे उंच झाले. बोटांखाली काही नाही. रोज ऑफिसला उशीर.

२४ ऑगस्ट, रवि., सकाळ
पिवळे!! दोऱ्याच्या दोन छत्र्यांच्या बोटांखाली मोहरीहून बारीक पिवळे गोळे. बीजाणूंचेच! ओरडलेच. काका ब्लीचिंगची बादली घेऊन धावत आले.
आणि मग, बिनदोऱ्याच्या एका छत्रीखालीही पिवळं.
"काका, हिला दोरा नाहीये!"
"मग बांधा."
म्हणजे भिंतीवर कुठेतरी नर आहे, मला न दिसलेला. की त्या दिवशी माझ्याच ड्रॉपरमधून थेंब उडाला? नाही उडाला, असं छातीठोक सांगता येत नाही.
फरशीवर ब्लीचिंग झालं, काकूंसाठी ते हवंच होतं. भिंत बाकी आहे. काका म्हणाले, "चहा घेऊन येतो. तोवर शोधा तुमचा नवरदेव."
टॉर्च घ्यायला वर आले, तेवढ्यात हे लिहिलं. पाइपामागचा कोपरा अजून पाहिलेला नाही. जाते.