सगळ्यांना दिलेली भाकर

प्रिय पप्पा,

सलाम. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं आणि मी आज पहिल्यांदा लिहायला बसले आहे. येत्या रविवारी माधवनगरच्या आपल्या चर्चमध्ये तुमच्या स्मरणाची उपासना आहे. तुमच्याबद्दल चार शब्द मी बोलायचे, असं मंडळीने ठरवलंय. पण काल शमुवेलकाकांनी जे सांगितलं, त्यानंतर ते चार शब्द मला सुचेनासे झालेत.

तसं सगळं लिहून काढलं होतं. आधी कडेगावच्या चर्चची अकरा घरांची मंडळी सांभाळलीत, मग सांगलीचं कॉलेज. आठवडाभर प्राचार्य आणि रविवारी पाळक. किती वर्षं ही ओढाताण केलीत! आम्हाला घरी कळायचं नाही, आज जेवायला कोण बसलंय, प्राचार्य की पाळक?

मार्थामावशी आठवतात? गिरणी कामगाराच्या विधवा, मागेपुढे कोणी नाही. त्यांना आठवड्यातून दोनदा मिरजेच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. तुम्हाला कॉलेजात मीटिंग असायची, म्हणून तुम्ही मला पाठवायचात. मी तुमच्याच कॉलेजात एस.वाय.ला होते. तास बुडायचे, पण मी आनंदाने जायचे, खोटं कशाला बोलू! सिटी बसमध्ये मावशी अख्ख्या माधवनगरच्या भानगडी सांगायच्या.

आणि मग नोटीस लागली. हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसता येणार नाही अशा बारा जणांत माझं नाव होतं, खाली तुमची सही. संध्याकाळी घरी तुम्ही एवढंच म्हणालात की नियम सगळ्यांना सारखा. मार्थामावशींचं नाव तुम्ही काढलं नाहीत, आणि हट्टाने मीही काढलं नाही. पप्पा, एकदा तरी विचारायचंत, कुठे होतीस म्हणून!

त्याच आठवड्यात मी साताऱ्याला आत्याकडे निघून गेले. वर्षभर तुमच्याशी बोलले नाही. तुमची पत्रं आत्याच फोडायची; त्यात खुशालीपलीकडे काही नसतं, म्हणायची.

शेवटी न्यायला तुम्ही स्वतः आलात. साताऱ्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना विचारलंत, "एस्तेर, अजून राग आहे का माझ्यावर?" मी "नाही" म्हणून मोकळी झाले. मम्मी घरी वाट बघत होती आणि मला वाद नको होता. खरं सांगू? राग तसूभरही कमी झाला नव्हता. तुमच्या शेवटच्या आजारपणात पाय चेपतानाही तो माझ्यापाशी होता.

काल भाषणासाठी तुमच्या सेवेच्या तारखा विचारायला शमुवेलकाकांकडे गेले. प्रभुभोजनाच्या वेळी तुमच्याबरोबर भाकर आणि प्याला वाटणाऱ्यांपैकी आता तेच उरलेत. म्हणाले, "पोरी, तुला ठाव नसंल. तू साताऱ्याला हुतीस ते वरीसभर साहेबांनी प्रभुभोजन घेतलं न्हाई. भाकर मोडायचे, समद्यांना द्यायचे, सोता घ्यायचे न्हाईत."

काकांनी तेव्हा कारण विचारलं होतं. तुम्ही म्हणालात म्हणे, सही केल्यावर मार्थाबाईंचं ध्यानात आलं. पण एकट्या लेकीचं नाव खोडलं तर बाकीच्या अकरा पोरांना काय तोंड दाखवू? आणि ती बोलत नाही तोवर ही भाकर माझ्या घशाखाली कशी उतरेल? आधी समेट, मग प्रभूची भाकर, हे तुम्हीच तर सगळ्यांना शिकवायचात.

मला आणलंत त्याच्या दुसऱ्याच दिवशी रविवार होता. त्या दिवशी तुम्ही भाकर घेतलीत. काका म्हणाले, "घास तोंडात घातला आन् साहेब रडले." मी तिसऱ्या बाकावर होते, पप्पा. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

माझ्या एका खोट्या शब्दावर विश्वास ठेवलात तुम्ही! कालपासून हे मला सोसत नाही. आणि तुमचंही चुकलंच. काकांना सांगितलंत ते मला का नाही सांगितलंत? दोन वाक्यं होती फक्त. बापलेक दोघेही सारखेच आडमुठे, दुसरं काय!

रविवारी प्रभुभोजनही आहे. त्याआधी उभी राहून मी हे सगळं सांगणार आहे, मार्थामावशींच्या नावासकट. लोकांना बरं वाटो न वाटो. मग भाकरीचं ताट माझ्यापुढे येईल. तेव्हा स्टँडवर विचारलं होतंत ते मला पुन्हा विचारा. मी 'नाही'च म्हणेन, पण या वेळी ते खरं असेल. वचन देते.

तुमची,
एस्तेर