देवाजवळ ठेवलेलं कार्ड

दादा, आज सकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून मी साबणाची एक वडी कार्डावर घेतली. दुकानदार म्हणाला, "ताई, एवढ्याशा साबणाला कार्ड? चिल्लर नाही का?" चिल्लर मुठीतच होती. पण कार्ड मशिनीला लागलं पाहिजे होतं, आणि का, ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू? आमचे हे आज नव्या टॉवरच्या रंगकामाला गेलेत, बाहेरच्या बाजूनं, वरून सोडलेल्या दोरावर. मी काही बोलले की हसतात. "टांगलेला मी, अन् जीव टांगणीला हिचा," म्हणतात. हसा म्हणावं. मी तुमची लेक आहे, मला हसू येत नाही.

त्या दुष्काळात दौलताबादकडच्या माळावर मेंढरांना तोंड घालायला काडी उरली नव्हती, आणि जिथं थोडंफार गवत होतं तिथं प्लॉटिंगवाल्यांनी चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. तुम्ही मेंढरं विकली आणि शहरात पाण्याच्या टँकरवर कामाला लागलात. विकल्याचे पैसे ठेवायला आपण तिघं क्रांती चौकाजवळच्या बँकेत गेलो. मी दहावीत होते, कागद वाचायला म्हणून मला घेतलं होतं. खिडकीतल्या साहेबानं दोन खाती सांगितली. एक साधं, फुकट. दुसऱ्याला दरसाल पैसे कापणार, पण त्यात अपघाताचा विमा, दवाखान्याचा थोडा खर्च आणि एक कार्ड. "काका, टँकरचं काम आहे तुमचं. काही झालं तर घरच्यांना पैसे मिळतील." आईनं तिथंच पदर तोंडाला लावला. "अवं, फुकटचं घ्या की. दरसाल पैसे भरून मरन कशाला इकत घ्यायचं?" तुम्ही मात्र शांत. म्हणालात, "अगं, बाकीचा कळप राखावा म्हनून एक कोकरू आपन बिरोबाच्या नावानं सोडतोच ना? तसं समज." साहेबाला काही उमगलं नाही. आईला उमगलं, आणि तिनं पदर खाली घेतला.

पण दादा, देवाच्या नावानं सोडलेल्या कोकराला आपल्यात कुणी हात लावत नाही. ते विकायचं नाही, कापायचं नाही. कार्ड घरी आलं तेव्हा तुम्ही त्याला भंडारा लावला, फडक्यात गुंडाळलं आणि कोनाड्यात देवाजवळ ठेवलंत. "ह्याला कुनी शिवायचं नाय," म्हणालात. वर्षाचे पैसे कापल्याचा मेसेज मी वाचून दाखवला की तुम्ही म्हणायचात, "पोचलं देवाला." तिकडं विहिरी आटत चाललेल्या, जी एखादी चालू असायची तिथं टँकरांची झुंबड, प्रत्येकाला एक खेप जास्त मारायची घाई. तुम्ही निघालात की आई कोनाड्यापुढं हात जोडायची, आणि तिची नजर देवावर नसायची, त्या फडक्यावर असायची. मला तर कोनाड्याकडं पाठ करून जेवायला बसवत नव्हतं. भीती कशाची, विचाराल तर तेव्हाही सांगता आलं नसतं.

मग ते झालंच. विहिरीवर तुमचा टँकर भरत होता, मागं वळून बघायच्या आत दुसरा रिव्हर्स आला, आणि तुम्ही दोन्ही टँकरांच्या मधी. तेरावं झाल्यावर आई आणि मी बँकेत गेलो. साहेब नवा होता, भला माणूस, आईला आधी पाणी दिलं. कॉम्प्युटरात बघून त्यानं विचारलं, "मावशी, हे कार्ड काकांनी मधी कधी वापरलं होतं का? दुकानात, एटीएमला, कुठंही?" आई एकदम ताठ बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर जीव आला. "नाय साहेब! एकदाबी नाय. देवापाशी ठिवलं व्हतं, कुनाला शिवू दिलं नाय. ह्ये बघा, नवंकोरं हाय." तिनं फडकं सोडलं, भंडारा त्याच्या टेबलावर सांडला. त्यानं कागद माझ्याकडं फिरवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अपघाताच्या आधीच्या ठराविक दिवसांत कार्ड वापरलेलं असेल तरच विमा. मी वाचलं. आईला मी रिक्षात बसल्यावर सांगितलं. ती बाहेर बघतच म्हणाली, "म्हंजी मीच सांगितलं व्हय गं त्या साहेबाला?" पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. त्या ओळीचा मला आजही संताप येतो. खातं उघडताना कुणी बोललं असतं तर त्याचं काय गेलं असतं!

तरीसुद्धा ह्यांच्या नावानं मी तसलंच पैसे कापणारं खातं घेतलं, दादा. काचेच्या केबिनमधली पोरगी फायदे सांगत होती, सिनेमाची तिकिटं काय, दवाखाना काय. मी म्हटलं, ते राहू दे बाई, कार्ड किती दिवसांत वापरावं लागतं ते आधी सांग. तिला आत जाऊन विचारून यावं लागलं. आता ते कार्ड माझ्याकडंच असतं. ह्यांचं दोराचं काम निघालं की मी सकाळीच काहीतरी घेऊन येते. मीठ घेते, काडेपेटी घेते. दिवे लागायला आले, हे अजून परतले नाहीत. फोन लावला तर उचलत नाहीत. वर असले की उचलत नाहीतच.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. आज तुम्ही असतात तर हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि इथपर्यंत मी वाचलंही असतं. पुढचं गाळलं असतं. सकाळी मशिनीतून चिठ्ठी बाहेर येईपर्यंत मी उभी होते, आणि तेवढ्यात मनातल्या मनात ह्यांच्यामागं येणाऱ्या विम्याच्या पैशातून घरावर एक खोली चढवून मोकळी झाले. दर खेपेला चढवते. आज फरशीचा रंगसुद्धा ठरला.