मोहाखालची झाडलेली जागा

चामोर्शी, ३० मार्च २०२५

ती. रंजीताताईले जोहार वि. वि.

इथी सारे बरे आहेत. आई थंडीपायी तुयीच काळजी करून राह्यली. तिकडच्या म्हाताऱ्यांची सेवा करता करता सोता जेवते का नाई, हे विचाराले सांगतलं. गावात रेंज नाई, म्हनून कागदावर लिहितो आन चामोर्शीच्या बाजारात येऊन फोटो पाठवतो.

तू मांगं लिहिलं होतं, फिनलंडात जंगल कोनाचंही असो, त्यातली फळं कोनीही वेचावी. मले लय आवडलं ते. आपली शेजारीन बुधरीबाई चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती आहे. तिच्या मोहाच्या झाडाखालची जागा औंदा झाडलीच गेली नाई. आपल्याकडं जो जागा झाडते त्याचा मोह, हे तुले ठाऊकच आहे. मंग मी झाडली आन पडलेली फुलं वेचून राह्यलो. कोनी कायी म्हनलं नाई. पन आई त्या ढिगाले हात लावत नाई.

चुकलं काय मायं? सांग.

तुया गुनाचा भाऊ,
प्रफुल्ल

फिनलंड, ४ एप्रिल

चि. प्रफुल्लले पोटभर आशीर्वाद.

शहाण्या, इथला कायदा तू आपल्या मोहाले लावलास होय? इथल्या फळांखाली कोणी झाडत नाही रे. बुधरीबाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या झाडाखाली झाडते. आई शेतात जायची तेव्हा बुधरीबाईच तुले तिथं सावलीत निजवायची. औंदा ती काऊन आली नाही, हे तुले माहीत होतं.

इथल्या एका आजीले मी विचारलं, चुकलं की आतून टोचते त्याले तुम्ही काय म्हणता. ओमातुन्तो, ती म्हणाली. ओमा म्हणजे आपलं, तुन्तो म्हणजे स्पर्श कळणं. थंडीनं बोटं बधिर झाली की तुन्तो गेला म्हणतात. मले इथली भाषा शिकवणारी बाई म्हणाली, इंग्रजीतल्या कॉन्शन्सच्या मुळाशी सोबतीनं जाणणं आहे. मले दोन्ही पटले. तुयी बोटं बधिर नाहीत, नाहीतर मले विचारलंच नसतं. आता सोबतीचं बाकी आहे. बुधरीबाईले सांग. रागावली तर रागावू दे. मले तुयी लय आठवण येते.

आईले सांग, जेवते.

तुयी ताई

चामोर्शी, १३ एप्रिल

ती. ताईले जोहार.

बुधरीबाई घरी आली. लय वाळली. मी सारा मोह बोऱ्यात भरून नेला. मी तोंड उघडाच्या आंधीच ती सांगाले लागली, का दवाखान्यात तिले मोहाची काळजीच नवती. प्रफुल्ल मायासाठी वेचत असन, असं ती बाजूच्या खाटेवालीले रोज सांगे.

ताई, गप बसलो असतो तर सारं गोड झालं असतं. तिचा माया डोक्यावरचा हात जाईन, याचंच भेव वाटलं. पन तुयं पत्र खिशातल्या फोनात होतं. म्हनलं, "बाई, तुयासाठी नाई, मायासाठी वेचला."

ती भिताडाकडं तोंड करून बसली. मले रडू आलं, ते कायी लपवत नाई. मंग तिनं कोपऱ्यातला खराटा माया पुढं सरकवला.

"मोह अजून पडून राह्यला. माये पाय चालत नाई. जा, झाड. या बारीले मायासाठी झाड."

सकाळी झाडाले गेलो. आई टोपली घेऊन मांगं आली.

तुया लोभ आहेच, तो असाच राहू दे.

प्रफुल्ल