ढब्बू काय म्हणतो

१४ मार्च, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. हे पत्र वाचताना तुझ्या गळ्याभोवती टॉवेल असेल. मेकअपवाल्या काकांना सांगून ठेवलंय, एक गाल रंगवून झाला की मगच द्या. मी मजेत आहे. गुडघे कुरकुरतात, पण टेबलाखाली बसता येतं. लेक नोकरीला लागली. वहिनीची शुगर आता आटोक्यात असेल.

आपल्या जुन्या टीव्ही कार्यक्रमाच्या आजच्या खास भागासाठी आठवणीनं बोलावलंस. "धाकटीच हवी, दुसऱ्या कुणाच्या हातात बाहुला जिवंत वाटत नाही," असं म्हणालास म्हणे. काल तालमीत ढब्बूत हात घातला आणि त्याची मान आपोआप तिरकी झाली. आईनं जुन्या ब्लँकेटचा शिवलेला, तरी शिवण कुठे उसवलेली नाही. कॅमेऱ्यामागचे दाढीवाले बाप्ये नाक पुसत होते. आपल्याला बघतच ते लहानपणी जेवायचे.

ढब्बू कधी बोलला नाही. तुझ्या कानाशी यायचा, तू विचारायचास, "काय म्हणतोस, ढब्बू?" आणि उत्तरही तूच द्यायचास. मला कधी त्यात वावगं वाटलं नाही.

तुझी मुलाखत पाहिली. ढब्बू हसता हसता टेबलावरून पडतो, तो लोकांचा लाडका भाग. त्याच्या शूटिंगच्या दिवसाबद्दल तू म्हणालास, "आई शेवटच्या घटका मोजत होती, तरी मी मुलांना हसवलं." मुलाखत घेणारी रडली. लेकीनं विचारलं, "आई, तू कुठे होतीस तेव्हा?"

"खाली," म्हटलं.

मग वहिनीला फोन केला. तिला वाटत होतं, मला सगळं ठाऊकच आहे. त्या दिवशी दवाखान्यातून तिनंच तुला कळवलं होतं: आई धाकटीचं नाव घेतेय, दोघं असाल तसे निघा. तू फोन ठेवून टेबलापाशी आलास. मी खालून विचारलं, "कुणाचा होता रे, दादा?"

"कुणाचा नाही. ते पडायचं जरा जोरात कर."

मी जोरात पडले. तुझं समाधान होईपर्यंत पुन्हा पुन्हा पडले. आपण पोचलो तेव्हा आईच्या तोंडावर चादर ओढली होती, आणि तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "थोडक्यात चुकलो गं."

आजचा कार्यक्रम थेट आहे, कात्री लावायला काही नाही. ढब्बूच्या मानेत मी छोटा माइक शिवलाय. साउंडवाला आपला जुनाच. म्हणाला, "ताई, हा मुका ना?"

"होता," म्हटलं.

मला बाहेर काढायचा विचार करू नकोस. तू हे वाचशील तेव्हा मी टेबलाखाली असेन आणि समोर प्रेक्षक बसलेले असतील. ओढायचंच तर त्यांच्या देखत ओढ.

"काय म्हणतोस, ढब्बू?" हा प्रश्न तू टाळशील, हेही मला माहीत आहे. टाळून बघ. ती माणसं तेवढ्यासाठीच आली आहेत. तू नाही विचारलंस तर तीच विचारतील, लहानपणी विचारायची तशी, सगळी एका सुरात. ढब्बूला आज तुझ्या कानाशी यायची गरज नाही.

दुसरा गाल नीट रंगवून घे.

टेबलाखालून,
तुझी बहीण