मोबाईलनं समजावलेलं ग्रहण

मंगळवार, ग्रहणाची संध्याकाळ. रिसोड

डोकं फिरलंय नुसतं! मला सातवा महिना, ग्रहणात काही चिरायचं नाही, म्हणून सासूबाईंनी दुपारीच विळी फळीवर ठेवली. शेवटी मी मोबाईललाच म्हटलं, ग्रहण कसं लागतं ते यांना सोपं करून सांग. त्यानं दिवा, लिंबू, बोर असं करून सांगितलं. समजलंसुद्धा त्यांना! लगेच शेजारणीला समजावत होत्या, "काई नाई वं माय, आपल्या धरतीची सावली पडून राह्यली चंद्रावर."

मी म्हटलं, मग द्या विळी.

"सावली हाय, समजलं मले. पन लेकरू सुखरूप येईन, हे सांगतलं का त्यानं?"



आता त्या शेजारी गेल्यात. विळी हात पुरेल एवढ्यावरच आहे. आणि मी वांगी चिरायची सोडून हे लिहीत बसलेय.