काय ठरलं, जावईबापू?

१८ एप्रिल, सोमवार

बोटीतील खोली आज निश्चित केली. उजव्या बाजूची. उत्तरेकडे जाताना किनारा त्याच हाताला राहतो; खिडकीतून कडे आणि धबधबे दिसतील.

"दोघांसाठी ना?" सहल कचेरीतील बाईंनी फोनवर विचारले.

"हो," मी म्हणालो.

दोघांसाठी! या घरात आता दोघेच आहेत — मी आणि सासूबाई. परंतु बाईंना अभिप्रेत असलेली दुसरी व्यक्ती, माझी पत्नी, डिसेंबरात गेली. हे मी त्यांना सांगितले नाही. कोणाला तरी सांगावे, म्हणून येथे लिहितो.

ती पोहणे शिकवी त्या तलावावर मुलींची शेवटची तुकडी पोहून गेल्यावर, कपडे बदलण्याच्या खोलीत ती कोसळली. हृदय. पाण्यात नव्हे — पाण्याने तिला कधी दगा दिला नाही. सासूबाईंना मेहुण्यांनी सांगितले. त्या दिवशीचा आक्रोश मला लिहिता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारले, "अजून उठली नाही का ती?" त्यांचा विस्मरणाचा आजार आम्हाला नवा नव्हता, पण हेही विसरता येते, याची मला कल्पना नव्हती. मी पुन्हा सांगितले. पुन्हा तोच आक्रोश, जणू प्रथमच ऐकत होत्या. तिसऱ्या सकाळी माझी जीभ रेटेना. उन्हाळ्यातील ही सहल तिने आणि मी आधीच ठरवली होती; "सहलीच्या खरेदीला गेली आहे," असे बोलून गेलो. त्यांचा चेहरा उजळला.

तेव्हापासून ती खरेदीलाच गेलेली आहे.

२१ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळचा चहा झाला की सासूबाई मेजावरच्या वस्तू स्वतः बाजूला सारतात. नकाशा पसरायला जागा लागते ना!

"काय ठरलं, जावईबापू?"

मी सांगतो. समुद्र डोंगरांच्या आत कसा शिरतो, कडे सरळ पाण्यातून कसे उभे राहतात, जूनमध्ये तिकडे सूर्य कसा मावळत नाही.

"मावळत नाही म्हणजे? त्याला घरदार नाही का?"

"आहे. उन्हाळ्यात जात नाही."

"तुमच्यासारखाच मग. कचेरीतून हलत नाही वेळेवर." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसल्या. मग एकदम गंभीर होऊन, "तिला टोपी घालायला लावा हं. ओल्या केसांनी हिंडते. आणि बर्फावर पुढे जाऊ देऊ नका, धावत सुटेल."

"नाही जाऊ देणार."

लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही दोघे कधी इतके बोललो नव्हतो. मधे ती असे. माझे त्यांना आणि त्यांचे मला तीच पोहोचवी.

२२ एप्रिल, शुक्रवार

तिची शिटी दारामागच्या खुंटीवर आहे. काढावी, असे रोज ठरवतो.

२४ एप्रिल, रविवार

मेहुणे आले होते. सासूबाई झोपल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठले.

"भावजी, आईला तुम्ही बोटीची तिकिटं दाखवलीत?"

"त्यांनी मागितली."

"शाबास! उद्या म्हणाल, तिची बॅगसुद्धा भरली!"

बॅग भरलेली आहे.

"आईचं डोकं चालत नाही, कबूल. तुम्हाला काय झालंय? शिकलेसवरलेले तुम्ही!"

सासूबाईंना रोज नव्याने रडवणे मला क्रूरपणाचे वाटते, असे मी शक्य तितक्या संयमाने सांगितले.

"मग रडेल रोज. आई आहे ती, तिचा हक्क आहे." त्यांनी नळ उगाचच सोडला, बंद केला. आवाज उतरला. "आणि माझं काय? माझी बहीण गेली, भावजी. आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला मिळालं नाही मला. येतो तेव्हा विचारते, 'ताईसाठी हातमोजे आणलेस का रे?' मी म्हणतो, आणतो."

जाताना ते बजावून गेले — तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन.

२९ एप्रिल, शुक्रवार

एका पुलाच्या आराखड्यात मी प्रवाहाची दिशा उलटी धरली. संपूर्ण कारकिर्दीत असे घडले नव्हते. साहेब रागावले असते तर बरे वाटले असते. "रजा घ्या हो थोडी," म्हणाले. रजा मंजूरच आहे — सहलीसाठी!

२ मे, सोमवार

आज काय ते स्पष्ट सांगून टाकायचे, अशा निश्चयाने सहल कचेरीत गेलो. बाईंनी मला बसूही दिले नाही, संगणकाचा पडदाच माझ्याकडे वळवला.

"हा बघा तुमचा धबधबा! बोट अगदी खाली नेतात. भिजायला होतं हं, मॅडमना चालेल ना?"

"तिला आवडेल."

क्रियापद भविष्यकाळी निघाले. मी दुरुस्त केले नाही.

"आणि व्हिसासाठीचा त्यांचा फोटो बदलून द्या. यात कान झाकलेत. केस मागे घेऊन एक नवा काढा, लगेच होतं."

"आणतो," म्हणालो आणि उठलो. जिन्यात बसावे लागले. वर जाणारा एक गृहस्थ म्हणाला, "काका, पाणी आणू का?" मी त्याला, माझ्या चपलेचा बंद तुटला आहे, असे सांगितले. पायात बूट होते.

८ मे, रविवार

आज नकाशा पसरला, तर सासूबाईंनी त्यावर हात ठेवला.

"राहू द्या तो. भांडलात का तुम्ही दोघं?"

"नाही हो, आई."

"मग ती माझ्याशी बोलत का नाही? सकाळी बाहेर, रात्री बाहेर. एवढी कसली खरेदी?" त्या नकाशाची घडी घालू लागल्या. "माझंच काही चुकलंय. बोलले असेन काहीतरी, मला आठवत नाही हल्ली. तिला म्हणावं, आईला मोठ्या मनानं माफ कर. पण एकदा समोर येऊन उभी राहा."

मी त्यांना दुःखापासून वाचवत होतो! आणि त्या बसल्या आहेत, लेक रुसली आहे असे समजून, न केलेल्या अपराधाची क्षमा मागत. सगळे विसरतात, हा सल मात्र विसरलेल्या नाहीत. रात्रीच्या जेवणाला पुन्हा तेच — "रागावलीय ना ती?"

मेहुण्यांना फोन केला. "तुमचे बरोबर होते."

ते म्हणाले, "रविवारी येतो. मी बोलतो तिच्याशी. तुम्ही नुसते बाजूला बसा."

"नको. खोटे मी बोललो, खरेही मीच सांगितले पाहिजे. आदल्या दिवशी, शनिवारी, सांगेन. तुम्ही रविवारी या आणि त्यांच्यापाशी बसा."

"जमेल?"

"प्रयत्न करीन."

"भावजी," ते म्हणाले, "तुमचं प्रयत्न करीन म्हणजे नाही, हे आमच्या ताईनंच सांगितलंय मला."

आम्ही दोघेही हसलो. डिसेंबरानंतर प्रथमच.

१२ मे, गुरुवार

सहल रद्द केली.

"अहो, का? दोघांचंही?"

"दोघांचेही."

"काही अडचण?"

"घरगुती आहे."

"असू दे, असू दे. डोंगर कुठे पळून जातायत? पुढच्या वर्षी या जोडीनं."

आभार मानून फोन ठेवला. एवढी साधी गोष्ट एका परक्या बाईला सांगता आली नाही; शनिवारी तिच्या आईला कशी सांगणार आहे?

१३ मे, शुक्रवार

आरशासमोर वाक्य म्हणून पाहिले. कर्ता येतो. क्रियापद येत नाही.

१४ मे, शनिवार

सकाळी चहा घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी शाल सावरली, अनोळखी माणसासमोर सावरावी तशी. "बसा ना. कोणाकडे आलात?" नाव सांगितले, ओळख पटली नाही. जावई आहे म्हणालो, तर सौजन्याने हसल्या. लेकीविषयी त्यांनी काहीच विचारले नाही. "घरी कोण कोण असतं?"

"पत्नी होती. डिसेंबरात वारली."

त्यांनी कप खाली ठेवला आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "अरेरे! रडा हो, रडा. माझी काही हरकत नाही." मी रडलो. त्या माझ्या हातावरून हात फिरवीत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तिची आई आहे का?"

"आहे."

"मग इथे परक्यांत काय बसलात? तिच्याजवळ जाऊन बसा. तुमचं दुःख तिच्याइतकं कोणाला कळणार?"

मी खुर्ची पुढे ओढली.